चौथी हालचाल

माझी मुलगी पंचवीस वर्षांची आहे. आठवड्याचे पाच दिवस ती वाकडच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते आणि रविवारी एका मेटल बँडमध्ये गाते. ‘गाते’ हा शब्द मी जरा सैल वापरतो आहे. निम्मा वेळ ती नीट, मोकळ्या गळ्याने गाते. उरलेला निम्मा वेळ पोटातून असा घोगरा आवाज काढते की तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझी बायको हातातल्या झाऱ्यासकट स्वयंपाकघरातून पळत आली होती.

“काय अडकलं हिच्या घशात?”

“काही नाही गं आई, सराव करतेय.”

“मग दार लावून कर. खालच्या मजल्यावरचे विचारतात, तुमच्याकडे कोणी आजारी आहे का.”

आम्ही रावेतला राहतो, सातव्या मजल्यावर. आवाज पाचव्यापर्यंत जातो. मी जिन्यात उभं राहून खात्री करून घेतली होती.

दोन वर्षांपूर्वी तिच्या बँडने ठरवलं की आता सुटी सुटी गाणी करायची नाहीत. आठ गाणी, पण गोष्ट एकच, मध्ये थांबायचं नाही, एकूण बावन्न मिनिटं. अशा प्रकाराला कन्सेप्ट अल्बम म्हणतात हे मला तेव्हा कळलं. शिवाय तो स्टुडिओत बसून करायचा नव्हता. नाट्यगृहात नेपथ्य उभारून, प्रकाश आणि पात्रं घेऊन लोकांसमोर वाजवायचा आणि त्या प्रयोगाचंच ध्वनिमुद्रण बाहेर काढायचं. म्हणजे जे चुकेल ते कायमचं तसंच राहणार. मला हे पटलं नव्हतं. आमच्या धंद्यात पहिला पार्ट तपासल्याशिवाय लॉट सुरू करत नाहीत.

गोष्ट कसली, हे मला त्यांच्या ड्रमरने सांगितलं. हा मुलगा चाकणच्या पलीकडच्या एका गावातला. घरी शेती आहे, तो स्वतः डिझाइन इंजिनिअर आहे. एका रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला होता.

“काका, गोष्ट आमच्याच घरातली आहे. माझ्या चुलत्याची. पॉवर प्रेसमध्ये हात गेला त्याचा. डाव्या हाताची तीन बोटं.”

“कधी?”

“सोळा वर्षं झाली. कंपनीनं लिहिलं की यानंच मशिनच्या बटणात पाचर ठोकली, कोणाला न सांगता. नोकरीवरनं काढलं. आता शहाणा माणूस स्वतःच्या हातानं असं करेल का? म्हणून गावात लोक बोलायला लागले की पिऊन कामावर गेला होता. तो सुपारीसुद्धा खात नाही, काका. पण आजोबांनीसुद्धा ते खरं धरलं. सोळा वर्षं झाली, एका घरात राहतात, दोघांचं धड बोलणं नाही.”

मी कंपनी कोणती ते विचारलं. त्याने सांगितलं.

“आणि अल्बमचं नाव ‘शेड नंबर चार’,” मुलगी म्हणाली. “कसं आहे, बाबा?”

मी आमटी वाढून घेतली. मला नको होती.

त्या शेडमध्ये मी सहा वर्षं लाइन इन्स्पेक्टर होतो. अपघात झाला तेव्हा मी त्या प्रेसपासून अंदाजे बारा पावलांवर उभा होतो. दुसरी पाळी होती, दुपारचे चार चाळीस. चौकशीच्या अहवालावर तीन सह्या आहेत. पहिली मॅनेजरची, दुसरी सुपरवायझरची, तिसरी माझी. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: ‘सदर ऑपरेटरने कोणासही न कळवता डाव्या बटणात लाकडी पाचर बसवून यंत्र चालवले.’ पाचर होती, हे खरं. डाव्या बटणात होती, हेही खरं. ‘कोणासही न कळवता’ हे खोटं. ते खोटं आहे हे सही करताना मला माहीत होतं.

मुलगी तेव्हा तिसरीत होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. बायकोलाही मी अपघात झाला एवढंच सांगितलं होतं.

त्या पाचरेबद्दल सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला ती कळणार नाही. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच वरचा दाब, म्हणजे जड लोखंडी ठोकळा, खालच्या डायवर, म्हणजे साच्यावर, येतो. हेतू एवढाच की दाब खाली येताना माणसाचे दोन्ही हात बटणांवर, म्हणजे बाहेर असावेत. डाव्या बटणात पाचर मारून ते कायमचं दाबून ठेवलं, की उजव्या एका हाताने काम होतं आणि डावा हात आत राहू शकतो. आमच्या शेडमधली पाचर बाभळीची होती, साडेतीन इंच लांब, हाताळून हाताळून काळी पडलेली. पत्र्याच्या एका डब्यात चाव्या, पाना आणि ब्रश यांच्याबरोबर ती असायची. पाळी बदलताना जाणारा ऑपरेटर येणाऱ्याच्या हातात डबा द्यायचा. नवीन माणूस दोन दिवस दोन्ही हातांनी काम करून दमायचा, बोर्डावरचा आकडा काही गाठायचा नाही. मग तिसऱ्या दिवशी सुपरवायझर डब्याचं झाकण उघडून दाखवायचा. तोंडाने कोणी काही बोलायचं नाही. रीतच ती. ड्रमरच्या चुलत्याला पाचर अशीच मिळाली होती. मी बघितलं होतं.

तर गोष्ट कोणती हे कळल्यावर मी सरळ बोलायला हवं होतं. बोललो नाही. उलट असा विचार केला की ही मुलं गाणी करणार, काळे टीशर्ट घालून दीडदोनशे पोरं ऐकायला येणार, शब्द कोणाला कळणार नाहीत. वर्षभर मी तालमीकडे फिरकलो नाही.

मग मुलगी म्हणाली, “बाबा, एक वजन टांगायचंय. तुम्ही एकदा बघून द्या.”

तिच्या डोक्यावर वजन टांगणार म्हटल्यावर मला जावं लागलं. भोसरीला एका कारखान्याच्या गाळ्यात त्यांची तालीम चालायची. रविवारी आजूबाजूचे गाळे बंद असतात, आवाजाची तक्रार येत नाही. नेपथ्य म्हणजे कंपन्यांनी टाकून दिलेल्या पॅकिंगच्या लाकडाची उभी चौकट. तिच्यात प्लायवूडचा करडा रंगवलेला एक जाड ठोकळा, रंगमंचाइतका नाही, पण बारा फूट लांब. हा प्रेसचा दाब. पहिल्या गाण्याला तो तेरा फुटांवर असणार आणि प्रत्येक गाण्यानंतर एक फूट खाली येणार. म्हणजे आठवं गाणं संपल्यावर पाच फुटांवर. मुलीची उंची पाच फूट तीन इंच आहे.

“शेवटी मी वाकलेली असते,” ती म्हणाली. “लोकांना हळूहळू लक्षात येतं की तो खाली येतोय. पहिली तीन गाणी कळतच नाही.”

ठोकळा अडतीस किलोचा भरला. दोन दोऱ्या होत्या, मी चार करायला लावल्या आणि वर पोलादी तारेचा वेगळा आधार. तार ओढून बघत होतो तेव्हा ड्रमर दुसरं गाणं वाजवायला लागला. नुसता ड्रम, बाकी कोणी नाही. मी शिडीवर होतो. हात थांबले. तो ठोका ओळखीचा होता आणि कुठेतरी चुकतही होता.

“हे काय वाजवतोस?” मी वरूनच विचारलं.

“प्रेस आहे, काका. चुलत्याला विचारून बसवलंय. एका पार्टला सहा हालचाली, म्हणून सहाची मात्रा.”

“सहा नाही, सात.”

हे मी विचार न करता बोललो. कोणी आकडा चुकीचा सांगितला की मला राहवत नाही, हा माझा जुना दोष आहे. घरात त्यावरून चेष्टा होते. मी शिडीवरून उतरलो आणि त्याला बोटांवर मोजून दाखवलं. पत्रा उचल. डायवर ठेव. टेकणापर्यंत सरकव. दोन्ही हात मागे. बटणं दाब. पार्ट काढ. पेटीत टाक.

“झाल्या का सात?”

ड्रमरने काठ्या मांडीवर ठेवल्या. “पण चुलत्यानं खुर्चीत बसून करून दाखवलं, काका. डोळे मिटून. त्यात ते चौथं नव्हतं. हात मागे घेतच नव्हता तो.”

मुलगी जमिनीवर बसून वायर गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही. “मग चौथं कुठं गेलं?”

ड्रमर बोटांवर परत सहा मोजायला लागला.

“आणि तुम्हाला सात कसं माहीत, बाबा?”

“घड्याळ लावून मोजलंय. अशाच एका प्रेसवर.”

“अशाच?”

“शंभर टनी प्रेस सगळ्या सारख्याच असतात.”

ती परत वायर गुंडाळायला लागली. तिचं काम चुका शोधण्याचं आहे. एखादा उत्तर देताना किती वेळ घेतो हे तिला कळतं.

घरी येताना रावेतच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतली आणि पाच मिनिटं थांबलो. डोक्यात जुना हिशोब आपोआप चालू झाला होता. नवीन डाय बसवली तेव्हा मीच घड्याळ लावून बघितलं होतं: दोन्ही हातांनी, सात हालचालींत, तासाला जास्तीत जास्त चारशे दहा पार्ट. चारशे दहाला सातने गुणा आणि सहाने भागा. चारशे अठ्ठ्याहत्तर येतात. शेडमधल्या बोर्डावर खडूने लिहिलेलं टार्गेट होतं तासाला चारशे ऐंशी. मी रोज दर दोन तासांनी त्या प्रेसचं ताशी उत्पादन पत्रकात लिहायचो आणि खाली सही करायचो. चारशे पंचाहत्तर, चारशे ब्याऐंशी, चारशे ऐंशी. अपघाताच्या आधी सलग अकरा आठवडे. पाचर डोळ्यांनी बघायची गरजच नव्हती. माझ्याच अक्षरात पत्रकावर ती रोज लिहिलेली होती.

त्यानंतर त्यांनी संगीत बदललं. पहिली चार गाणी सातच्या मात्रेत आणि पाचव्यापासून एक मात्रा गळते. मला संगीतातलं कळत नाही. पण तालमीत ऐकलं तेव्हा जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं वाटलं. काय गेलंय ते ऐकणाऱ्याला सांगता येत नाही, एवढंच कळतं की घाई होतेय आणि ती घाई थांबणार नाही.

आणखी एक बदल झाला. प्रयोगाला तीन आठवडे राहिले असताना मुलीने जेवताना सांगितलं, “एक पात्र वाढवलंय. नोंद करणारा. पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगमंचाच्या उजव्या कोपऱ्यात उभा. हातात पॅड. बोलत नाही, हलत नाही, फक्त लिहितो.”

“अगंबाई, बावन्न मिनिटं नुसतं उभं?” बायको म्हणाली. “कोण करणार हे?”

“हौशी नाटकात कामं करणारे एक काका आहेत, बँकेतले. बाबा, तुमचा जुना पांढरा हाफ शर्ट आहे ना? खिशावर शाईचा डाग पडलेला?”

“आहे.”

“तो लागेल.”

मी तिच्याकडे बघितलं. ती भाजीतली मिरची बाजूला काढत होती. मी उठून कपाटातून शर्ट काढून दिला. इस्त्री करून दिला. दुसरं काय करायला हवं होतं हे मला माहीत होतं, पण ते मी केलं नाही.

प्रयोग रविवारी दुपारी साडेबाराचा. नाट्यगृहाची तीच वेळ मिळाली होती. मी अकराला जाऊन तार, दोऱ्या आणि गाठी तपासल्या. तिथले पडदा ओढणारे मामा म्हणाले, “साहेब, चाळीस वर्षं दोऱ्या ओढतोय. आजवर कोणाच्या डोक्यात काही पडलं नाही.” मी म्हटलं, तरी बघू द्या.

प्रेक्षक दोन प्रकारचे होते. काळे टीशर्ट घातलेली मुलं पुढे, आणि कलाकारांच्या आया, मावश्या, आत्या मागे, काही कानात कापूस घालून आलेल्या. ड्रमर धावत आला आणि म्हणाला, “काका, तुम्ही पहिल्या रांगेत बसा, आमच्या चुलत्याशेजारी. त्याला एकट्याला अवघडल्यासारखं होतंय.” आणि हात धरून घेऊनच गेला. बायको माझ्या डाव्या बाजूला बसली. उजव्या बाजूला तो.

त्याने पांढरी टोपी घातली होती. डावा हात मांडीवर रुमालाखाली होता. मधल्या वर्षांत तो कुठल्याशा वजनकाट्यावर ट्रकांची वजनं लिहायच्या कामाला लागला होता, हे मला ड्रमरकडून कळलं होतं.

“वळखलं का, साहेब?”

“ओळखलं.”

“केस गेलं की सगळं तुमचं.” तो हसला. “तुमचं केस गेलं, माझी बोटं गेली. काय काय सांभाळायचं मानसानं!”

तिसरी घंटा झाली आणि दिवे गेले.

पहिल्या गाण्याबद्दल मला काही सांगता येणार नाही, कारण मी फक्त उजव्या कोपऱ्याकडे बघत होतो. तिथे माझा शर्ट घातलेला माणूस उभा होता. पॅड छातीशी, मान थोडी खाली. मी असाच उभा राहायचो हे मुलीने कुठे बघितलं असेल? घरी, गॅसचं सिलिंडर कधी लावलं ते कॅलेंडरवर लिहिताना बघितलं असेल. ड्रमच्या प्रत्येक सातव्या ठोक्याला तांबडा प्रकाश पडायचा आणि त्या प्रकाशात तो काहीतरी लिहायचा. गिटारचा आवाज इतका खालचा होता की खुर्चीचा हात थरथरत होता. बायकोने माझं मनगट पकडलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

गोष्ट साधी आहे. एक माणूस गावातून शेडमध्ये कामाला येतो. यंत्र त्याच्याशी बोलतं, ते मुलीच्या घोगऱ्या आवाजात. माणूस उत्तर देतो, तो तिचा मोकळा आवाज. एकच मुलगी दोन्ही होते, नुसती मान वळवून. चौथ्या गाण्यापर्यंत माणूस यंत्राला म्हणतो, हळू. पाचव्यात मात्रा गळते आणि माणूस हळू म्हणायचं थांबतो. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका मुलाने वर बोट दाखवून शेजाऱ्याला काहीतरी सांगितलं. दाब आठ-नऊ फुटांवर आला होता. हळूहळू सगळ्या माना वर झाल्या. मला आकडा माहीतच होता, तरी माझीही झाली.

सहाव्या गाण्यात शेजारच्या माणसाचे हात हलायला लागले. रुमाल खाली पडला. उचल, ठेव, सरकव, दाब. डाव्या हाताची दोन बोटं हवेत पत्रा सरकवत होती. त्याला ते कळत नसावं. डोळे समोर होते.

सातव्या गाण्याच्या मधोमध सगळी वाद्यं एकदम बंद पडली. अंधार. कोपऱ्यातल्या माणसावर तेवढा एक पांढरा झोत. मुलगी त्याच्याकडे वळली आणि गाण्याच्या नाही, घरच्या आवाजात तिने विचारलं:

“पाचर कोणी दिली?”

तो लिहीत राहिला.

“पाचर कोणी दिली?”

मागे कोणाचा तरी खोकला ऐकू आला. पेनाचा कागदावरचा आवाज माइकवर घेतला होता, तो सगळ्या नाट्यगृहात खरखरत होता.

“पाचर कोणी दिली?”

तेव्हा शेजारचा माणूस माझ्या कानाशी वाकला. रागाने नाही. एखाद्याला वाट सांगावी तसा.

“त्याला काय ठावं, साहेब? तो निस्ता नट हाय.”

मग एकदम सगळी वाद्यं सुरू झाली. त्यानंतरची बारा मिनिटं मला तुटक आठवतात. दाब पाच फुटांवर आला, मुलगी वाकली, गुडघ्यावर आली, आणि ठोका चालूच राहिला, माणूस नसतानाही. शेवटी प्रकाश फक्त कोपऱ्यातल्या माणसावर होता. त्याने पान उलटलं, नवीन पान काढलं. पडदा.

लोक उभे राहून ओरडत होते. एक मावशी डोळे पुसत म्हणाल्या, “शब्द काही कळले नाहीत हो, पण जीव घाबरा झाला.”

बाहेर बटाटेवड्याच्या टेबलाशी गर्दी होती. तो भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“माझ्याकडून चूक झाली,” मी म्हणालो.

“चूक न्हाई, साहेब. चूक म्हंजे नकळत हुती ती.” तो शांतपणे बोलत होता. “तुमी रोज येत हुता. पॅड घेऊन. पाचरंकडं बगायचा, माज्याकडं बगायचा, आन लिवायचा. मला वाटायचं, हा मानूस शिकलेला हाय, ह्यो कधीतरी म्हनंल, काढ ती.”

“मी लेखी देतो. कामगार कार्यालयात येतो, वकिलाकडे येतो, म्हणाल तिथे.”

“कागुद ऱ्हाऊ द्या. लई कागुद झालं. कंपनी बी आता ऱ्हायली न्हाई, शेड दुसऱ्यानं घेतली.” त्याने रुमाल घडी करून हातावर ठेवला. “माजा बाप चौऱ्याऐंशीचा हाय. परवा दवाखान्यात न्येलं तवा डाक्टर म्हनला, जपा आता. त्याच्या मनात म्या दारू पिऊन हात घालवला. त्यो तसाच जाईल. म्या सांगून ऐकत न्हाई. तुमी या. साहेब मानसाचं ऐकंल.”

“येतो.”

“नक्की?”

“येत्या रविवारी सकाळी दहाला.”

परतताना मी गाडी चालवत होतो. मुलगी पुढे बसली होती, मानेवर अजून मेकअपचा करडा रंग. पुलाखाली सिग्नल लागला तेव्हा मी विचारलं, “तुला कधी कळलं?”

“तुम्ही सात म्हणालात तेव्हा शंका आली. मग ड्रमरनं चुलत्याकडचा अहवाल आणला. तुमची सही मी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं बघितलीय.”

“मग विचारलं का नाहीस?”

“विचारलं की. तीनदा विचारलं.”

सिग्नल सुटला. मागून बायको म्हणाली, “मला तरी सांगायचं होतं.” एवढंच. घरी गेल्यावर तिने तो शर्ट धुवायला घेतला नाही. पिशवीतच राहू दिला.

मधले सहा दिवस मी रोज कामावर गेलो. आता मी चाकणमध्येच दुसऱ्या एका कंपनीत प्लॅनिंग बघतो. तिथे प्रेसला प्रकाशाचा पडदा आहे, हात आत गेला की यंत्र थांबतं. तरी मी त्या आठवड्यात दोनदा शेडमध्ये जाऊन मोजत उभा राहिलो. ऑपरेटर म्हणाला, “काय साहेब, ऑडिट आहे का?” मी म्हटलं, नाही, सहज.

रविवारी मी एकटाच गेलो. मुलगी येते म्हणाली होती, मी नको म्हटलं. मोशीच्या पुढे वाहतूक तुंबली होती, पण मी तासभर हातात ठेवून निघालो होतो. राजगुरुनगरच्या अलीकडे आत वळलो तेव्हा दहाला चार मिनिटं कमी होती. गावाच्या एका बाजूला कांदा आणि दुसऱ्या बाजूला गोदामाची निळी भिंत, संपेपर्यंत लांब.

म्हातारा ओसरीवर खाटेवर बसला होता. शरीर वाळलेलं, आवाज मात्र ठणठणीत. त्याचा मुलगा, ज्याची बोटं गेली तो, दाराच्या चौकटीशी उभा राहिला, आत नाही आणि बाहेरही नाही.

मी सगळं सांगितलं. डबा, पाचर, टार्गेट, अकरा आठवडे, सही. तो प्यायलेला नव्हता, कधीच नसायचा, हे दोनदा सांगितलं. म्हाताऱ्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. मी थांबल्यावर त्याने विचारलं, “तवा का न्हाई बोललास?”

“माझी नोकरी जाईल म्हणून.”

“मंग, गेली का?”

“नाही.”

“ह्याची गेली.”

म्हाताऱ्याने पाय खाटेवरून खाली सोडले. मग त्याने पहिल्यांदा मुलाकडे मान वळवली. “काठी दे.”

मुलाने काठी दिली. म्हातारा उठून उभा राहिला. मला वाटलं, तो मला घालवून देणार. ते मला चाललं असतं. खरं सांगायचं तर तेच मला हवं होतं.

“मला एकट्याला सांगून काय उपेग?” तो म्हणाला. “म्या आज हाय, उद्या न्हाई. बोलणारी समदी तिकडं बसलीत. चल.”

“दादा, असू दे,” मुलगा बापाला म्हणाला. “तुमाला व्हायचं न्हाई चालणं.”

“तू माज्या दंडाला धर. ह्यो चालंल म्होरं.”

देवळापुढचा पार त्या घरापासून दीडशे पावलांवर आहे. मी पुढे होतो आणि मागून काठीचा आणि दोन माणसांच्या पायांचा आवाज येत होता. दुकानाच्या दारात एक बाई थांबून बघायला लागली. पारावर वर्तमानपत्र वाचणारे, तंबाखू मळणारे, मोबाइलवर क्रिकेट बघणारे असे मिळून अकरा जण होते. आम्ही जवळ आलो तसे एकेक करून गप्प झाले. क्रिकेट बघणाऱ्याने आवाज बंद केला.

“ह्यो साहेब काय सांगतो ते ऐका,” म्हातारा म्हणाला, आणि पाराच्या कडेला बसला. मुलाचा हात त्याने सोडला नव्हता.

मला कोणी बस म्हटलं नाही. मी पायातली चप्पल काढली, का ते मला माहीत नाही. कुठून सुरुवात करावी ते सुचत नव्हतं, म्हणून मी आकड्यापासून केली. “दोन्ही हातांनी काम केलं,” मी म्हणालो, “तर तासाला चारशे दहाच होतात.”

“मोठ्यानं,” मागून कोणीतरी म्हणालं.